मदत हवी आहे: सामायिक उपकरणांच्या ऑनलाइन बुकिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

नमस्कार मंडळी,

एका विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात तांत्रिक कामावर आहे. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं), एफटीआयआर, यूव्ही-व्हिजिबल आणि फ्लुरोसन्स (प्रकाशाच्या मदतीने नमुना तपासणारी), एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहणारं) आणि सेम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) ही उपकरणं आमच्याकडे आहेत. रसायन, भौतिक, फार्मसी, जैवतंत्रज्ञान या विभागांचे पीएचडीवाले, संलग्न महाविद्यालयांतले एमएस्सीचे विद्यार्थी आणि अधूनमधून एमआयडीसीतल्या कंपन्या, असे सगळे ती वापरतात. बुकिंग आजही रजिस्टरमध्ये आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं. आता ऑनलाइन पद्धत आणायला मंजुरी मिळाली आहे आणि निवड माझ्याकडे आली आहे.

रजिस्टरची अडचण अशी की पेन्सिलने लिहिलेलं नाव खोडून दुसरं लिहिता येतं, आणि ते कुणी खोडलं याचा पत्ता लागत नाही. याचा सगळ्यात जास्त फटका बाहेरगावच्या मुलांना बसतो. होस्टेलवरचा विद्यार्थी रात्री आठला येऊन रन, म्हणजे नमुन्याची तपासणी, लावू शकतो. तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी पहाटेची एसटी पकडून, थर्मासात बर्फावर नमुने घेऊन येते, आणि तिच्या वेळेला आधीच्याचा रन अजून चालूच असतो. तिला चारची परतीची गाडी गाठायची असते. नवीन पद्धतीने हे थांबलं नाही तर मी त्या पद्धतीला यश म्हणणार नाही.

पाहिलेले पर्याय थोडक्यात सांगतो. गूगल कॅलेंडर फुकट आहे, पण ज्याला बदल करायचा अधिकार दिला तो दुसऱ्याची वेळही सरकवू शकतो, म्हणजे रजिस्टरचाच दोष पुन्हा आला. आयलॅब हे उपकरण केंद्रांसाठीचं सॉफ्टवेअर, जे 2016 पासून एजिलंट या उपकरण कंपनीकडे आहे, ते मोठ्या संस्थांसाठी उत्तम दिसतं, पण दरवर्षीचं शुल्क आमच्या आवाक्यातलं वाटत नाही. आय-स्टेम या केंद्र सरकारच्या संशोधन उपकरणांच्या पोर्टलवर आमची उपकरणं नोंदवलेली आहेत आणि बाहेरच्या संस्थांची मागणी तिथून येते. आमचा प्रश्न आतल्या रोजच्या वेळापत्रकाचा आहे.

बहुतेक सॉफ्टवेअर दिवसाचे तासातासाचे चौकोन पाडून देतात, पण उपकरणं तशी चालत नाहीत. एचपीएलसीचंच घ्या. कॉलम (ज्या नळीत घटक वेगळे होतात ती) स्थिर व्हायलाच अर्धा-पाऊण तास जातो. मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) बफर, म्हणजे क्षारांचं द्रावण, वापरला असेल तर शेवटी आधी पाणी जास्त असलेल्या मिश्रणाने आणि मग मिथेनॉलने धुवावं लागतं. घाईत थेट मिथेनॉल सोडलं तर क्षार आतच बसतात आणि पंपाची सील खराब होतात. पुढचा माणूस दारात उभा असला की धुणं हमखास कमी होतं. म्हणून दोन बुकिंगच्या मध्ये धुण्याची वेळ आपोआप राखून ठेवणारं काहीतरी हवं.

फ्लुरोसन्सचं गणित उलटं. त्यातला झेनॉन दिवा वारंवार चालू-बंद केला की त्याचं आयुष्य घटतं, त्यामुळे तिथे बुकिंग एकापाठोपाठ एक लागायला हवीत. सकाळी एक, दुपारी एक असं नको. सेमवर वीजवाहक नसलेला नमुना आला की आधी सोन्याचा मुलामा द्यावा लागतो, म्हणजे कोटर (मुलामा देणारं यंत्र) आणि सेम एकत्र बुक झाले पाहिजेत.

शिवाय प्रशिक्षण झालेल्यालाच स्वतः उपकरण हाताळता यावं, बाकीच्यांनी नमुना जमा करावा. विभाग, संलग्न कॉलेज आणि कंपनी यांचे दर वेगळे आहेत, आणि एसबीआय कलेक्टची (स्टेट बँकेची ऑनलाइन पैसे भरायची सोय) पावती दिसेपर्यंत बुकिंग तात्पुरतं राहिलं पाहिजे. फिस्ट या केंद्र सरकारच्या अनुदान योजनेच्या अहवालासाठी उपकरणनिहाय वापराचे तास निघायला हवेत, नुसते बुक झालेले नव्हे, प्रत्यक्ष वापरलेले. आणि महत्त्वाचं म्हणजे आमच्या बऱ्याच उपकरणांचे संगणक अजून विंडोज 7 वर आहेत आणि मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेले आहेत. त्यांवर लॉगिन करून वेळ मोजणारी पद्धत चालणार नाही.

कुणी प्रत्यक्ष वापरलेलं असेल तर कृपया अनुभव सांगा.

लिनक्सवाला:
लिब्रेबुकिंग बघा. आधीच्या बुक्ड शेड्युलरच्या मुक्तस्रोत आवृत्तीवरून पुढे आलेलं आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं. तुमच्या बऱ्याच गरजा त्यात बसतात. प्रत्येक उपकरणाला दोन बुकिंगमधलं अंतर ठरवता येतं. एकाच बुकिंगमध्ये दोन उपकरणं घेता येतात, म्हणजे कोटरचा प्रश्न सुटला. कुठल्या गटाला कुठलं उपकरण दिसावं, आठवड्याला किती तास मिळावेत, किती दिवस आधी बुक करता यावं हे सगळं ठरवता येतं. ठरलेल्या वेळेत हजेरी लावली नाही तर बुकिंग आपोआप सुटतं, आणि हजेरी मोबाइलवरून लागत असल्याने उपकरणाचा संगणक नेटवर नसला तरी अडत नाही. एमआरबीएसही चांगलं आहे, पण ते मुळात बैठकीच्या खोल्यांसाठी केलेलं. तुमच्या कामाला तोकडं पडेल.

मात्र सर्व्हर कोण सांभाळणार हे आधी ठरवा. संगणक केंद्रातला कंत्राटी माणूस लावून देतो, त्याचं कंत्राट संपतं, आणि पुढे दोन वर्षं कुणी अपडेटही करत नाही, बॅकअपही घेत नाही. तो माणूस नसेल तर हा रस्ता धरू नका.

पेशीदर्शक:
मी जर्मनीत मायक्रोस्कोपीच्या केंद्रात आहे. आमच्याकडे ओपनआयरिस आहे. ते बासेलच्या संशोधन संस्थेत तयार झालं, वापरायला फुकट आहे आणि स्वतःचा सर्व्हर लागत नाही. प्रशिक्षण झालेल्यालाच बुकिंगचा हक्क देणं, गटागटाचे वेगळे दर, महिन्याचा हिशेब, हे त्यात नीट आहे. सर्व्हरला माणूस नसेल तर मी हेच सुचवेन.

अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं नेमो नावाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअरही आहे. त्यात इंटरलॉक (उपकरणाला कुलूप लावणारी जोडणी) जोडला की लॉगिन केल्याशिवाय उपकरण चालूच होत नाही, त्यामुळे वापराचे तास अगदी खरे मिळतात. क्लीनरूमसाठी (धूळमुक्त प्रयोगशाळेसाठी) फार छान, पण जोडणीचं काम बरंच आहे.

तुम्ही लिहिलेल्या मुलीसाठी मात्र सॉफ्टवेअरच्या आधी नियम लागेल. आमच्याकडे आदल्या दिवसापर्यंत बुकिंग रद्द केलं तर फुकट, त्यानंतर रद्द केलं तर पूर्ण वेळेचं शुल्क प्राध्यापकाच्या खात्यातून जातं. हा नियम आला तेव्हा कुरबुर खूप झाली, पण अडवून ठेवलेल्या वेळा मोकळ्या व्हायला लागल्या.

उपकरणशाळा:
मी अशाच केंद्रातून निवृत्त झालो आहे, म्हणून पैशांचं सांगतो. परकीय चलनातलं वार्षिक शुल्क पहिल्या वर्षी प्रकल्पातून निघतं. प्रकल्प संपला की वित्त विभाग नूतनीकरण अडवतो आणि सगळ्या नोंदी तिकडे अडकतात. जे घ्याल त्यातून नोंदी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) बाहेर काढता येतात का ते आधी तपासा, आणि दर महिन्याला खरंच काढून ठेवा.

आय-स्टेमसाठी आठवड्याचा एक दिवस कायमचा राखून ठेवा आणि आतल्या वेळापत्रकात तो दिवस बंद दाखवा. दोन्हीकडून एकच वेळ दिली जाण्याचा प्रश्न राहत नाही. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठीही तसंच करा. त्यांचा वेगळा गट करून सकाळी अकरा ते तीन ही वेळ त्यांना आधी उघडा, उरली तर दोन दिवस आधी बाकीच्यांना. आणि रजिस्टर लगेच काढून टाकू नका. वीज गेली, नेट गेलं की तेच उपयोगी पडतं. उपकरणाजवळच्या लॉगबुकात दिव्याचे तास, कॉलमचा दाब या नोंदी हातानेच व्हायला हव्यात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. लिनक्सवाला, सर्व्हर मिळतोय पण सांभाळणारा कायमचा माणूस नाही असं आजच कळलं. त्यामुळे ओपनआयरिस आधी फक्त एचपीएलसीवर लावून बघतो. सर्वाधिक भांडणं तिथेच होतात, तिथे टिकलं तर बाकीच्यांवर नेऊ. उपकरणशाळा सर, अकरा ते तीनची कल्पना पुढच्या बैठकीत मांडतो, उशिरा रद्द केल्याच्या शुल्कासकट.

पेशीदर्शक, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. धुण्याची वेळ ओपनआयरिसमध्ये बुकिंगला आपोआप जोडता येते का, की ती वापरणाऱ्याच्याच वेळेत धरायला लावावी? आणि उपकरण अचानक बंद पडलं तर पुढच्या सगळ्यांना एकदम निरोप कसा देता? आमची मुलं ईमेल रोज उघडत नाहीत, आणि एसटीत बसायच्या आधी निरोप पोचला तरच त्याचा उपयोग.