पहिल्या हंगामात ३९ टक्के: ॲलेक्स सार मोठा सेंटर होईल का?

सदर_शूटर

२०२४-२५ च्या हंगामात मी एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या वॉशिंग्टन विझार्ड्सचे सामने मन लावून पाहिले. ग्रुपमधले सगळे विचारत, काहून पाहून राहिला बे ही टीम, १८ जिंकले अन् ६४ हरले! माझं कारण एकच होतं, ॲलेक्स सार. सात फुटी फ्रेंच पोरगा, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) दुसऱ्या नंबरवर घेतला तेव्हा १९ वर्षांचा. त्याआधी ऑस्ट्रेलियात पर्थ वाइल्डकॅट्सकडून खेळत होता.

आकडे पाहिले की मन दोन्हीकडे ओढलं जातं. सामन्याला सरासरी १३ पॉइंट, साडेसहा रिबाउंड (हुकलेला शॉट झेलणं), दीड ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं). हे बरं आहे. पण शॉट पडण्याचं प्रमाण ३९ टक्के! रिंगखाली खेळणाऱ्या सेंटरचं साठच्या वर असतं. हंगामाआधी समर लीगच्या, म्हणजे उन्हाळी सरावस्पर्धेच्या, एका सामन्यात तर १५ शॉट मारले अन् एकही पडला नाही. तरी वर्षाच्या शेवटी नवख्या खेळाडूंच्या पहिल्या टीममध्ये त्याची निवड झाली.

मी स्वतः गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारा, खेळतो. गार्डचं मला लगेच कळतं, सेंटरचं कळत नाही. ज्यांनी रिंगखाली खेळलंय किंवा शिकवलंय त्यांना विचारायचं आहे: एवढ्या तरुण सेंटरमध्ये तुम्ही काय पाहता? आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा?

लक्ष्मीनगर_२३

दुसरा नंबर अन् सेंटर म्हटलं की मला आधी हाशिम थबीट आठवतो. २००९ मध्ये सव्वासात फुटाच्या या माणसाला दुसऱ्या नंबरवर घेतलं. त्याच्यामागून तिसरा हार्डन गेला, सातवा करी, दोघंही पुढे मोठे स्टार. थबीटची कारकीर्दीतली सरासरी २.२ पॉइंट. पुढे २०२० मध्ये जेम्स वाइजमन, तोही दुसरा, कॉलेजचे फक्त तीन सामने खेळून आलेला. उंची पाहून लोक घाई करतात. सारच्या बाबतीतही तेच झालं असं माझं मत आहे. ज्याला सात फुटांवरून टाकता येत नाही, त्याला आणखी दोन वर्षांनी कुठून येईल?

पिव्हट_रवीनगर

भाऊ, तुझा प्रश्न मनापासूनचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी विद्यापीठाकडून पिव्हट, म्हणजे सेंटर, खेळलो, आता रोज सकाळी शाळेची पोरं-पोरी घेतो. उंच मूल समोर आलं की हाच प्रश्न मला पडतो, फक्त पातळी वेगळी.

आधी ३९ टक्के. हा आकडा एकटा वाचू नको, शॉट कुठून मारले ते पाहा. त्या हंगामात सारने सामन्याला पाचच्या आसपास थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) मारले, अन् त्यातले साधारण ३१ टक्के पडले. स्क्रीन लावल्यावर (आपल्या गार्डसाठी बचावपटूची वाट अडवल्यावर) रिंगकडे धावण्याऐवजी तो बरेचदा बाहेर सरकतो. आत गेला तरी आठ-दहा फुटांवर थांबून बॉल हलकेच सोडतो, कारण पुढे गेलं की खांदे लागतात. सात फुटाला वजन ९३ किलोच्या आसपास. त्यात रिंगखाली ११५-१२० किलोची माणसं उभी असतात. म्हणजे या एका आकड्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक शरीराची, ती वयाप्रमाणे येते. दुसरी निवडीची, कोणता शॉट घ्यायचा याची, अन् ती शिकवता येते. ब्रूक लोपेझने पहिल्या आठ हंगामांत मिळून फक्त तीन थ्री पाडल्या होत्या. नवव्या हंगामात, २०१६-१७ ला, १३४ पाडल्या. हात उशिरा येऊ शकतो.

पाय मात्र उशिरा येत नाहीत. मी सेंटर पाहायला बसलो की बॉलकडे पाहतच नाही, पायांकडे पाहतो. समोरून गार्ड सुसाट येतो तेव्हा हा मागे सरकताना टाचेवर बसतो की पंजावर राहतो? गार्डने दिशा बदलली की कंबर वळते की आधी हात पुढे जातो? हात गेला की फाऊल. आधी उडतो की गार्डला उडू देऊन मग उडतो? अन् सगळ्यात महत्त्वाचं, खाली आल्यावर दुसरी उडी किती लवकर घेतो? पहिला शॉट अडवणारे पुष्कळ असतात. तोच बॉल परत वर गेला की पुन्हा तिथे असणारा हजारात एक.

या सगळ्यात सार मला फार वरचा वाटतो. स्विच झाल्यावर (बचावात माणसांची अदलाबदल झाल्यावर) छोट्या गार्डसमोर तो थ्रीच्या रेषेबाहेर उभा राहतो अन् पाय घट्ट होत नाहीत. सात फुटात हे दुर्मिळ आहे.

एनबीएत पायांना जास्त किंमत असण्याचं कारण नियमातही आहे. आपल्याकडे, म्हणजे फिबा या जागतिक संघटनेच्या नियमांत, बचाव करणारा सेंटर पेंटमध्ये (रिंगखालच्या आखलेल्या चौकोनात) वाटेल तेवढा वेळ उभा राहू शकतो. एनबीएत २००१-०२ पासून बचावालाही तीन सेकंदांचा नियम आहे. जवळ कोणाला धरून नसेल तर बाहेर यावंच लागतं. म्हणजे सेंटरला सारखं आत-बाहेर करावं लागतं. आंतरशालेय सामन्यात रिंगखाली खांबासारखा उभा राहून बॉल झेलणारा पोरगा तिथे दोन मिनिटांत उघडा पडेल.

थबीटचं उदाहरण वर आलंच आहे, तर त्याच्या शेजारी रुडी गोबेअर ठेवून पाहा. तोही फ्रेंच, तोही सात फुटाच्या वर. २०१३ मध्ये २७ वा निवडला गेला, पहिल्या हंगामात सरासरी २.३ पॉइंट. थबीटची सगळ्या कारकीर्दीची सरासरी अन् गोबेअरच्या पहिल्या वर्षाची सरासरी जवळजवळ सारखी! पुढे गोबेअर चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू झाला: २०१८, २०१९, २०२१, २०२४. पॉइंटच्या रकान्यात हा फरक कोणाला दिसला असता? अन् डेन्व्हरचा सेंटर योकिच तर ४१ वा. त्याचं नाव घेतलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. तिशीच्या आत तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. सेंटर पिकायला वेळ लागतो, कारण त्याला शरीरही हवं अन् समोरच्या पाचही जणांचं खेळणं वाचताही यायला हवं. सारसारखाच फ्रेंच असलेल्या वेम्बान्यामाने पहिल्याच वर्षी २१.४ पॉइंट अन् ३.६ ब्लॉक केले. तो अपवाद आहे. त्याच्या मापाने कुठल्याच पोराला मोजू नये, देश एकच असला तरी.

आता माझी खरी काळजी. साडेसहा रिबाउंड. शॉट वर गेला की चांगला सेंटर आधी आपला माणूस पाठीने शोधतो, मग बॉल पाहतो. सार अजून आधी बॉल पाहतो. हात लांब असल्यामुळे आजवर निभावलं, तिथे निभत नाही. ही ताकदीची नाही, सवयीची गोष्ट आहे, अन् सवय वय वाढल्यावर कठीण होत जाते. माझ्याकडे नववीतली एक मुलगी आहे, पावणेसहा फुटाची. घरचे म्हणतात सर, तिला रिंगखालीच ठेवा, आपण जिंकू. मी तिला खो-खो खेळायला लावतो, बॉल घेऊन पूर्ण ग्राउंड पळवतो, अन् प्रत्येक शॉटवर पाठ लावायला लावतो. जिल्हा स्पर्धा हरलो तरी चालेल, पण ही सवय तिला आत्ताच लागली पाहिजे. जुना महान सेंटर ओलाजुवान लागोसमध्ये आधी हँडबॉल खेळायचा, फुटबॉलमध्ये गोलकीपर होता, बास्केटबॉल त्याने पंधराव्या-सोळाव्या वर्षी धरला. त्याचे पाय तिथून आले होते.

मेडिकल_चौक

पिव्हट सरांच्या म्हणण्यात एक भर घालते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. वजन वाढवा हा सल्ला सगळे देतात, पण सात फुटी शरीरात घाईने वजन घातलं की त्याचा भार पाऊल अन् गुडघ्यावर येतो. सेंटर ग्रेग ओडेन २००७ मध्ये पहिला निवडला गेला, पुढे मोठा स्टार झालेल्या ड्युरंटच्याही आधी. पहिल्या हंगामाआधीच गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली अन् पूर्ण कारकीर्दीत १०५ सामने खेळता आले. दुसरा सेंटर एम्बीड, त्याचे पहिले दोन हंगाम पावलाच्या दुखापतीत गेले, तरी २०२३ ला एमव्हीपी झाला. सात फुटी होल्मग्रेनचा पहिला हंगामही पावलामुळेच गेला, अन् २०२५ ला तो ओक्लाहोमा सिटीकडून विजेता ठरला. त्याचा सडपातळपणा तर सारसारखाच.

मी उतरणं पाहते. उडी घेऊन खाली येताना गुडघे आत वळतात का, नेहमी एकाच पायावर येतो का. सार बहुतेक वेळा दोन्ही पायांवर येतो, हे मला चांगलं लक्षण वाटतं. त्याला वर्षाला थोडं-थोडं वजन वाढवू द्यावं.

हिलटॉप_हूप्स

सतनाम सिंगचा विषय कोणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा पोरगा, लुधियानाच्या अकादमीत शिकला, चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला. २०१५ ला डॅलसने ५२ वा निवडला, ड्राफ्टमध्ये निवड झालेला पहिला भारतीय. आम्ही त्या दिवशी नाचलो होतो. पण एनबीएचा एकही नियमित सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

माझ्या मते वेळही वाईट होती. त्याच महिन्यात, जून २०१५ च्या अंतिम मालिकेत, गोल्डन स्टेट १-२ ने मागे होती. चौथ्या सामन्यात त्यांनी सेंटर बोगटला बसवलं, त्याच्या जागी कमी उंचीच्या इग्वादालाला सुरुवातीपासून खेळवलं अन् मालिका फिरवली. त्यानंतर सगळ्या टीम वेगवान, लहान माणसं शोधायला लागल्या. ७ फूट २ इंच अन् अवजड शरीराच्या माणसाला तेव्हा कोण थांबून शिकवणार? सार नऊ वर्षांनी आला. आज सात फुटातच चपळपणा शोधतात. पोराची कुवत जेवढी मोजायची तेवढाच त्याचा काळही मोजावा लागतो.

सदर_शूटर

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, रिबाउंडचं वाचून काल रात्री जुने सामने परत काढून पाहिले अन् खरंच, शॉट वर गेला की तो मान वर करून उभा राहतो. आता तेच दिसून राहिलं! पुढच्या हंगामात काय पाहू? अन् तुमचा अंदाज काय, तोही सांगा.

पिव्हट_रवीनगर

जड सेंटरसमोरचे सामने निवड. मेम्फिसचा झॅक इडी त्याच ड्राफ्टमधला, नववा, ७ फूट ४ इंच अन् अंगाने भरलेला. त्याच्यासमोर सारचा पहिला क्वार्टर पाहा. बॉल कुठे घेतो, रिंगपासून चार फुटांवर की पंधरावर, एवढंच कागदावर मांड. मग जानेवारीत पुन्हा मांड. आत सरकत असेल तर टक्केवारी आपोआप वर येईल. फ्री थ्रो (फाऊल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) किती मिळतात तेही लिही, अंगावर जाऊ लागला की आधी तिथे दिसतं.

अंदाज: बचावात तो पुढची दहा वर्षं कुठल्याही टीमचा पहिला सेंटर राहील, याबद्दल मला शंका नाही. ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक स्टारपैकी एक, व्हायचं असेल तर रिबाउंड नऊच्या वर न्यावे लागतील. लक्ष्मीनगरवाल्या भाऊंना विनंती, त्यांनीही या सामन्यांची नोंद ठेवावी. दोघांचे कागद शेजारी ठेवून बोलू.