खिमट, भोपळा आणि पहाटेचे जुलाब: नाजूक पोटाच्या पिल्लांचे अनुभव

आमच्या दादरच्या घरी गुंड्याला येऊन तीन आठवडे झाले. देशी कुत्रा, वय अडीच महिने, पार्किंगमधल्या स्कूटरखाली सापडलेला. शेपूट सदैव चालू, पण पोट काही केल्या ताळ्यावर येत नाही. एक दिवस शी घट्ट, पुढचे दोन दिवस पिठल्यासारखी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वर पाऊस. पहाटे साडेचारला त्याला उचलून धावते आणि जिन्यातच कार्यक्रम उरकला, तर पहिल्या मजल्यावरच्या काकू दार उघडायच्या आत फिनेल घेऊन हजर व्हावं लागतं. जंताचं औषध झालंय, लसीचा पहिला डोस झालाय. सासूबाई म्हणतात दूधभात द्या, नवरा म्हणतो फक्त विकतच्या डॉग फूडचे दाणे, शेजारचे दादा म्हणतात कोंबडीचे पाय उकडून घाला. तुमच्या पिल्लांना काय मानवलं, काय नडलं, सविस्तर लिहा. ‘आमचा तर सगळं खातो’ हे वाचण्याइतका धीर सध्या नाही.

गिरगाव

सासूबाईंना नमस्कार सांगा, पण दूध बंद करा. आमच्या चाळीत कुत्रं म्हणजे दूधपोळी असंच होतं, मीही तेच केलं आणि आठवडाभर गोधड्या धूत बसले. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवण्याची ताकद पिल्लात कमी होत जाते. काहींना थोडं चालतं, आमच्या राणीला चमचाभरही नाही. ताजं, आंबट नसलेलं दही मात्र भातात कालवलेलं पचलं.

बोरिवली

आमचा लॅब्रेडॉर, तेव्हा तीन महिन्यांचा. ब्रँड तीन बदलले, डॉक्टर दोन. शेवटी दुसऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं, “देता किती?” मी म्हटलं, एका वेळी एक वाटी. “वाटी केवढी?” घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. मी ६० ग्रॅम धरून चाललो होतो, शीग लावून भरलेली वाटी ९५ ची निघाली. शिवाय बाबा सकाळच्या चहाबरोबर त्याला ग्लुकोजची दोन बिस्किटं देत, मुलगी शाळेतून आली की डब्यातला पोळीचा तुकडा. पाच माणसांचं घर, प्रत्येकाला वाटायचं आपण एवढंसंच दिलं. नुसतं जास्त खाल्ल्यानेही पिल्लांना जुलाब होतात, हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मग फ्रिजवर कागद चिकटवला. दिवसाचं एकूण वजन सकाळीच डब्यात काढायचं, चार वेळांत वाटायचं, जो देईल त्याने खूण करायची. बक्षिसाचे दाणेही त्याच डब्यातले. बाबा दोन दिवस रुसले. चौथ्या दिवशी शी कागदात उचलता येईल अशी झाली. सहा महिन्यांनंतर दोन वेळांवर आणलं.

विलेपार्ले

घर शाकाहारी, म्हणून ब्रीडरकडचे चिकनचे दाणे एका दिवसात बंद करून पनीर-भात सुरू केला. पहिली चूक घाईची होती. जुन्यात चतुर्थांश नवीन, दोन-तीन दिवसांनी अर्धं, असं आठ-दहा दिवस घेऊन बदलायचं असतं. शेवटी दाणे परत आणले. पिल्लू शाकाहारी नाही, एवढं मान्य केलं.

कुर्ला

वाचायला बरं वाटणार नाही, तरी लिहितो. आमच्या पिल्लाला आधी उलटी झाली, मग रक्ताचे जुलाब. तो वास अजून नाकात आहे. घरातले म्हणाले, पेज द्या, सकाळी बघू. बहिणीने ऐकलं नाही, रात्रीच टॅक्सी केली. पार्व्हो निघाला, म्हणजे कुत्र्यांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. पाच दिवस सलाइन, वाचला. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या बाहेर बाकड्यावर बसून मी पहिल्यांदा कुत्र्यासाठी रडलो. रक्त दिसलं, उलट्या थांबत नसल्या किंवा पिल्लू मलूल पडलं तर खिमट शिजवत बसू नका. लहान पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवणंही धोक्याचं, रक्तातली साखर पटकन उतरते. आणि माणसांची जुलाबाची, तापाची गोळी तर नकोच. लसीचे सगळे डोस होईपर्यंत त्याला बाहेरच्या कुत्र्यांच्या जागी खालीही सोडू नका.

वर्सोवा

आमच्याकडे बोटीवरून आलेले बोंबील उकडून, मधला काटा काढून, भातात कुस्करून देतो. मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. सुकटीचा हात लागू देऊ नका, ती खारट असते. कोंबडीचे पाय सांगणाऱ्या दादांना विचारा, हाडं काढणार कोण? शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं.

चेंबूर

चिकन-भात आणि चमचाभर उकडलेला लाल भोपळा, हे बिघडलेल्या पोटाला खरंच उत्तम. चिकन कातडी काढून, पाण्यात उकडलेलं. पण ते चार-पाच दिवसांचं पथ्य आहे. पोट छान राहतंय म्हणून आम्ही दीड महिना तेच देत राहिलो आणि पिल्लाचे पुढचे पाय वाकायला लागले. नुसत्या मांस-भातात कॅल्शियम पुरत नाही, वाढत्या हाडांवर परिणाम होतो. आता घरचं देतो ते डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घेऊनच.

मुलुंड

दाण्यांची मोठी पिशवी स्वस्त म्हणून घेतली, जुलैत. तोंड नीट बंद नव्हतं, तळाशी कुबट वास. पावसाळ्यात छोटीच पिशवी घ्या. बाकी, शी तपासून घेतलीत का? एक दिवस बरं, दोन दिवस वाईट म्हणताय म्हणून विचारतोय. जंताचं नेहमीचं औषध सगळ्यावर चालत नाही.

दादरहून पुन्हा

मुलुंडकर, तुमच्या तोंडात साखर. बामची रिकामी डबी धुऊन त्यात नमुना भरला, नवऱ्याच्या जेवणाच्या पिशवीतून नेला (तो आता ती पिशवी वापरत नाही). जिआर्डिया निघाला, आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी. जिन्याखालच्या डबक्यातलं पाणी साहेब चाटत होते, वॉचमनने नंतर सांगितलं. औषध सुरू आहे, शी झाली की मागचा भाग धुतेय, नाहीतर स्वतःला चाटून तेच पुन्हा पोटात जातं. वाटीही तोललीये. आमची ८० ची निघाली.

काल आणि आज, दोन्ही दिवस घट्ट. नवऱ्याने सकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. सासूबाईंनी खाली हात जोडलेत.