स्पॅनिशमधलं ‘आब्लारीआ’: जर-तरच्या वाक्यात कुठल्या बाजूला?

प्रश्न: ‘मला स्पॅनिश येत असतं तर मी माद्रिदला राहिलो असतो.’ मराठीत दोन्हीकडे ‘असतं-असतो’ आहे, मग स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे कंडिशनल (‘आब्लारीआ’सारखं ‘बोललो असतो’चं रूप) का नको? आणि रूपं लक्षात कशी ठेवायची?

उत्तर: आधी रूपं. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. यातलं काहीही कापायचं नाही, अख्ख्या मूळ रूपालाच प्रत्यय लावायचा; मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने: आब्लारीआ, आब्लारीआस, आब्लारीआ, आब्लारीआमोस, आब्लारीआइस, आब्लारीआन. ‘मी’ आणि ‘तो/ती’ यांचं रूप एकच, त्यामुळे गोंधळ होईल तिथे ‘यो’ किंवा ‘एल’ म्हणावं. ‘आब्लारीआइस’ स्पेनमध्येच लागतं. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’लाही ‘आब्लारीआन’. ‘कोमेर’ (खाणे), ‘बिबिर’ (राहणे) यांनाही हेच प्रत्यय. फक्त ‘कोमीआ’ (खात असे) आणि ‘कोमेरीआ’ (खाल्लं असतं) यांतला ‘र’ गिळू नका, त्या एका अक्षरावर काळ बदलतो.

आता मूळ शंका. तुमचं वाक्य असं होईल: ‘सी आब्लारा एस्पान्योल, बिबिरीआ एन माद्रिद.’ ‘सी’ म्हणजे जर. त्या बाजूला ‘आब्लारा’, म्हणजे भूतकाळी सबजंक्टिव्ह (कल्पना किंवा शंका दाखवणारं रूप). कंडिशनल फक्त ‘तर’च्या बाजूला. आपल्याकडे एकच रूप दोन्ही बाजू सांभाळतं, म्हणून मराठी माणसाच्या तोंडून ‘सी आब्लारीआ’ सहज निघतं. उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रदेशात आणि बुर्गोसच्या आसपास, स्पॅनिश लोकही असं बोलतात. प्रमाण भाषेत मात्र ते चुकीचं धरतात. परीक्षेत गुण जाणारच.

प्रश्न: पण ‘दिखो के यामारीआ’ या वाक्यात तर जर-तर काहीच नाही. तिथे हे रूप कशाला?

उत्तर: फार चांगला मुद्दा काढलात. ‘फोन करेन, असं तो म्हणाला.’ आपण त्याचा भविष्यकाळ जसाच्या तसा ठेवतो. स्पॅनिशमध्ये ‘म्हणाला’ भूतकाळात गेलं की त्याच्यापुढचं भविष्यही ‘यामारीआ’ होतं. हे रूप घडलंच तसं: मूळ क्रियापद अधिक ‘आबेर’ या सहायक क्रियापदाचा भूतकाळ ‘आबीआ’, साधारण आपलं ‘करायचं होतं’. व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी 1847च्या व्याकरणात याला ‘पोस्प्रेतेरितो’, म्हणजे भूतकाळानंतरचा काळ, असं नाव दिलं. मला ते ‘कंडिशनल’पेक्षा कितीतरी नेमकं वाटतं. बरेच विद्यार्थी अडतात ते या ‘कंडिशनल’ नावामुळेच, अट शोधत बसतात.

वेळेचा अंदाजही यानेच: ‘सेरीआन लास दिएस’, तेव्हा दहा वाजले असतील.

आणि कॅफेत गेलात तर ‘किएरो उन काफे’ (मला कॉफी हवी) यापेक्षा ‘मे गुस्तारीआ उन काफे’ (मला कॉफी आवडेल) म्हणा. आपणही दुकानात ‘एक वही हवी होती’ म्हणतोच की, हवी आत्ता असते तरी!