बोटीचा जेलकोट पांढुरका झालाय? वॅक्सच्या आधीचं काम बघा

बोटीच्या हलला (पाण्यात तरंगणाऱ्या मुख्य सांगाड्याला) दोन थर वॅक्स लावूनही महिन्याभरात चकाकी गेली, असं तुम्ही लिहिलंय. दोष वॅक्सचा नसावा. हलवरून ओलं काळं फडकं फिरवून बघा. खडूसारखी पूड आली तर जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा चकचकीत बाहेरचा थर, ऑक्सिडाइझ झालाय (ऊन-हवेने खराब झालाय), आणि पुडीवर वॅक्स धरत नाही.

आधी गोड्या पाण्याने मीठ काढा. वॉटरलाइनवरचे (हलवर पाण्याची पातळी येते त्या रेषेवरचे) पिवळट-तपकिरी डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या जेलने जातात: १०-१५ मिनिटं, वाळू न देता, मग भरपूर पाणी. हातमोजे आणि चष्मा हवेतच. जुनं वॅक्स ॲसिटोनने पुसा, नाहीतर पॉलिशिंग मशीनचं पॅड चिकट होऊन कंपाउंड (पुडीचा थर घासून काढणारी पेस्ट) नुसतं पसरत राहतं.

कंपाउंडला लोकरी पॅड, १२०० ते १५०० आरपीएम, एका वेळी २ बाय २ फूट. मशीन एका जागी रेंगाळू देऊ नका. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर, कडांना त्याहून पातळ. पॉलिशपेपर (८००, मग १०००, मग १५००, पाण्यासोबत) अगदीच नाइलाज असेल तरच.

वॅक्स सावलीत, हल हाताला थंड लागत असताना, पातळ लावा. तापलेल्या हलवर ते लगेच वाळतं आणि पट्टे उमटतात. अँटिफाउलिंगवर (शेवाळ-शिंपले चढू नयेत म्हणून पाण्याखालच्या भागाला दिलेल्या रंगावर) लावू नका. डेकच्या खरखरीत भागावर तर मुळीच नको, पाय घसरेल.