डेबियन १२ वर गेल्यापासून पासवर्ड दिल्यानंतर लॉगिनला २५ सेकंद लागतात

वाचनालय-सेवक (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची कोहा या प्रणालीवर चालते आणि ती प्रणाली प्रॉक्समॉक्सवरील (एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीवरील) एका जुन्या, अनप्रिव्हिलेज्ड (मूळ यंत्रावर, म्हणजे होस्टवर, प्रशासकाचे अधिकार नसलेल्या) एलएक्ससी कंटेनरमध्ये, म्हणजे लिनक्सच्या वेगळ्या कप्प्यात, आहे. डेबियन १० या लिनक्स-आवृत्तीचा दीर्घकालीन आधार जून २०२४ मध्ये संपल्यामुळे मी तो कंटेनर आधी ११ वर आणि मग १२ वर नेला. ग्रंथसूची उघडते, पुस्तकांची देवघेवही सुरळीत चालू आहे. परंतु एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावरून नेटवर्कद्वारे) लॉगिन करताना पासवर्ड तत्काळ विचारला जातो आणि एंटर दाबल्यावर मात्र कर्सर नुसता लुकलुकत राहतो. घड्याळ लावून पाहिले तर दर वेळी पंचवीस सेकंद, ना एक कमी ना एक जास्त. रात्रीची बॅकअपची स्क्रिप्ट दुसऱ्या यंत्रावरून चौदा वेळा लॉगिन करते, त्यामुळे तिला आता जवळजवळ सहा मिनिटे जादा लागतात. एसएसएचच्या कॉन्फिगरेशनमध्ये यूजडीएनएस (जोडणाऱ्या यंत्राचे नाव शोधण्याची सोय) ‘नो’ करून पाहिले, पण काहीही फरक पडला नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

दक्षिणवारा

यूजडीएनएसने फरक न पडणे साहजिक आहे, कारण ओपनएसएसएच ६.८ पासून, म्हणजे २०१५ पासून, ते मुळातच ‘नो’ असते. तो सल्ला जुन्या लेखांतून अजूनही फिरत राहतो. नावे शोधण्यातला उशीर बहुधा पाचाच्या पटीत येतो, कारण रिझॉल्व्हर (नावे शोधणारा भाग) एका प्रयत्नाला पाच सेकंद थांबतो. पंचवीस हीदेखील पाचाचीच पट असल्याने केवळ सेकंदांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. उशीर नेमका कोठे होतो हे आधी ठरवावे. आपल्या बाबतीत तो पासवर्ड तपासल्यानंतर, सत्र उघडताना होत असावा असा माझा अंदाज आहे. तो पडताळण्यासाठी आत लॉगिन झाल्यावर एकदा ‘सुडो’ने (प्रशासकाच्या अधिकाराने) एखादी साधी आज्ञा चालवावी, एकदा ‘एसयू’ने दुसऱ्या वापरकर्त्याचे सत्र उघडावे, आणि दोहोंना किती वेळ लागतो ते कळवावे. त्याच मिनिटातील जर्नलच्या (प्रणालीच्या नोंदवहीच्या) ओळीही वाचून पाहाव्यात.

वाचनालय-सेवक

सांगितल्याप्रमाणे केले. ‘सुडो’ क्षणात होते. ‘एसयू’ला मात्र तेच पंचवीस सेकंद लागतात, आणि त्यात तर नेटवर्कचा काही संबंधच येत नाही. होस्टवरून ‘पीसीटी एंटर’ने कंटेनरमध्ये गेलो तर अजिबात थांबावे लागत नाही. जर्नलमध्ये पीएएम-सिस्टिमडी या मॉड्यूलची (पीएएम म्हणजे लॉगिनची तपासणी करणारी यंत्रणा, सिस्टिमडी म्हणजे सेवा सुरू करणारी व सांभाळणारी प्रणाली) तक्रार आहे की सत्र तयार करता आले नाही, कारण लॉगिन१ ही सेवा वेळेत सुरू झाली नाही. ओळीच्या शेवटी कंसात २५००० मिलिसेकंद असा आकडाही छापलेला आहे.

सह्याद्री-प्रणाली

त्या आकड्यातच आपले उत्तर आहे. पासवर्ड बरोबर ठरल्यावर पीएएमचे सिस्टिमडी मॉड्यूल डी-बस या सेवांमधल्या निरोपव्यवस्थेमार्फत सिस्टिमडी-लॉगिनडी या सेवेला (जर्नलमधील लॉगिन१ हे तिचेच डी-बसवरील नाव) ‘या वापरकर्त्याचे सत्र नोंदव’ असे सांगते. लॉगिनडी बंद असेल, तर डी-बस ती सेवा सुरू करू पाहतो आणि पंचवीस सेकंद वाट पाहून नाद सोडतो. डेबियनमध्ये हे मॉड्यूल ऐच्छिक म्हणून नोंदलेले असल्यामुळे ते अपयशी झाले तरी आपल्याला प्रवेश मिळतो. म्हणूनच हा दोष उशिराच्या रूपाने दिसतो, त्रुटीच्या रूपाने नाही. ‘सुडो’च्या पीएएम फायलीत सत्राचा बिगर-संवादी संच जोडलेला असतो आणि त्यात हे मॉड्यूल नसते, ‘एसयू’च्या फायलीत ते असते, ‘पीसीटी एंटर’ तर पीएएमच्या वाटेने जातच नाही. आपली तिन्ही निरीक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात.

आता लॉगिनडी का उठत नाही, हे पाहू. सिस्टिमडीच्या नव्या आवृत्त्या अशा सेवांना स्वतंत्र माउंट नेमस्पेसमध्ये (फाइलप्रणालीच्या वेगळ्या दृश्यात) बंदिस्त करून चालवतात. कंटेनरमध्ये नेस्टिंग (कंटेनरच्या आत कंटेनर चालवू देणारी सोय) चालू नसेल, तर होस्टचे ॲपआर्मर हे सुरक्षा-मॉड्यूल त्यासाठी लागणारे माउंट करू देत नाही आणि सेवा सुरू होण्यापूर्वीच कोसळते. लॉगिनडीची स्थिती पाहिल्यास २२६ हा निर्गम-कोड आणि त्यापुढे नेमस्पेस हा शब्द दिसेल. प्रॉक्समॉक्स ७ पासून वेब-पटलावरून बनवलेल्या नव्या अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरला नेस्टिंग आपोआप मिळते. आपला कंटेनर त्याआधीचा असावा.

खिडकीतला-दिवा

माझ्याकडे हाच प्रकार झाला होता. ‘पीएएम-ऑथ-अपडेट’ चालवून सिस्टिमडी सत्रनोंदणीसमोरची खूण काढली आणि उशीर गेला. दोन मिनिटांचे काम आहे.

सह्याद्री-प्रणाली

उशीर जातो हे खरे, पण मी तसे करू नये असेच आग्रहाने सांगेन. लॉगिनडी त्यानंतरही पडलेलीच राहते, आणि त्याच कारणाने आणखी कोणत्या सेवा पडल्या आहेत हे कळण्याचा एकमेव ठळक संकेत आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. कंटेनरच्या ऑप्शन्समध्ये फीचर्स या नोंदीत नेस्टिंगवर खूण करावी, मग कंटेनर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. मात्र नेस्टिंगमुळे होस्टच्या प्रॉकएफएस आणि सिसएफएसमधील (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलप्रणालींमधील) मजकूर कंटेनरला दिसू लागतो, म्हणून कंटेनर खरोखरच अनप्रिव्हिलेज्ड आहे याची आधी खात्री करून घ्यावी. प्रिव्हिलेज्ड कंटेनरला मी ही सवलत देणार नाही. पुन्हा सुरू करण्यापूर्वी अपयशी सेवांची यादी एकदा काढून ठेवावी.

वाचनालय-सेवक

कंटेनर अनप्रिव्हिलेज्डच आहे, हे तपासले. यादी आधी काढली ते फार बरे झाले. लॉगिनडीखाली लॉगरोटेटही (वाढणाऱ्या नोंदींच्या फायली बदलून नव्या सुरू करणारी सेवा) पडलेले होते, त्याच २२६ कोडने, अपग्रेड झाले त्या रात्रीपासून. कोहाच्या अपाची नोंदींची एकच फाइल १.९ जीबीपर्यंत वाढली होती, आणि डिस्कवर ४ जीबीच जागा शिल्लक होती. संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर नेस्टिंग चालू केले, कंटेनर बंद करून पुन्हा सुरू केला. आता लॉगिनला एक सेकंदही लागत नाही, अपयशी सेवांची यादी रिकामी आहे, आणि लॉगरोटेट हाताने चालवल्यावर ती मोठी फाइल फिरवली गेली. यूजडीएनएसची मी घातलेली ओळही काढून टाकली आहे. आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे.