ट्रेब्लिंका : कागद आधी, की साक्ष?

रुमाल_बारा (धागाकर्ता)

राजवाड्यांपासून आपल्याकडे शिस्त आहे : अस्सल पत्र आधी, बखर नंतर. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यू संहाराच्या अभ्यासालाही तीच लावावी, असं माझं ठाम मत आहे. नाझी छावणीत पहारेकरी असल्याचा आरोप झालेल्या डेम्यान्युकचा खटला घ्या. पोलंडमधल्या ट्रेब्लिंका या नाझी संहार छावणीतून वाचलेल्यांनी त्याला तिथला क्रूर पहारेकरी 'इव्हान द टेरिबल' म्हणून ओळखलं आणि १९८८ साली जेरुसलेमच्या न्यायालयाने फाशी सुनावली. ओळख पटवताना वापरलेला त्याचा फोटो १९५१ चा, म्हणजे घटनेनंतर नऊ वर्षांनी काढलेला. पुढे सोव्हिएत दप्तरातून ट्रेब्लिंकाच्या जुन्या पहारेकऱ्यांचे जबाब निघाले. त्यांत 'इव्हान द टेरिबल'चं नाव होतं इव्हान मार्चेंको. १९९३ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. साक्षीदार खोटं बोलत नव्हते, तरी चुकले. २०११ साली म्युनिकमध्ये सोबिबोर या दुसऱ्या संहार छावणीतल्या कामासाठी डेम्यान्युक दोषी ठरला, तो प्रामुख्याने कागदांवर.

तळघर

असहमत. कागदाला हेतू नसतो असं गृहीत धरलंत, तिथेच गफलत आहे.

११ जानेवारी १९४३ ची, हॉफले या एसएस (नाझींचं सशस्त्र दल) अधिकाऱ्याची तार पाहा. लुब्लिनहून निघाली, ब्रिटिशांनी वाटेत पकडली, पण तिचं महत्त्व अभ्यासकांच्या ध्यानात यायला २००० साल उजाडलं. छावण्यांत आणलेल्या माणसांचे १९४२ अखेरपर्यंतचे आकडे असे : लुब्लिन २४,७३३, बेल्झेक ४,३४,५०८, सोबिबोर १,०१,३७०, ट्रेब्लिंका ७१,३५५. खाली एकूण १२,७४,१६६. आता स्वतः बेरीज करा, ६,३१,९६६ भरते. ट्रेब्लिंकाच्या आकड्यातला एक ५ गळला आहे. तिथे ७,१३,५५५ घातलं की हिशोब चोख जुळतो. हा झाला अस्सल कागद!

त्याहून गंभीर बाब वेगळीच आहे. तारेत 'ठार' हा शब्दच नाही, नुसती 'आवक' आहे. एसएसचा संख्याशास्त्रज्ञ कोरहेर याच्या १९४३ च्या अहवालातही हाच १२,७४,१६६ आकडा येतो. तिथे आधी 'विशेष वागणूक' असा, ठार मारण्यासाठीचा आडपडद्याचा शब्द होता, एसएसचा प्रमुख हिमलरने तोही बदलायला लावला आणि माणसं छावण्यांतून 'पुढे गेली' असं लिहवलं. आवक झालेल्यांचं काय झालं ते कागद सांगत नाही. ते माणसांनी सांगितलं.

रुमाल_बारा

@तळघर, उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. गळलेला ५ कशाने सापडला? बेरजेने, आणि कोरहेरच्या अहवालातल्या त्याच बेरजेने. कागदाची चूक कागद दुरुस्त करतो. साक्षीतली चूक उलट पसरते. पोलंडमधल्या स्टाराखोवित्सेच्या श्रमछावणीतले कैदी जुलै १९४४ अखेर आउशविट्झच्या बिर्केनाऊ छावणीत पोचले. कोणाला मारायचं नि कोणाला ठेवायचं अशी नेहमीची निवड न होता त्या गाडीतली माणसं छावणीत घेतली गेली, असं इतिहासकार ब्राउनिंग यांनी दाखवलं आहे. तरी पुढच्या काळात कित्येकांना फलाटावर निवड करणारा छावणीचा एसएस डॉक्टर मेंगेले 'आठवला'. ऐकलेलं आणि पाहिलेलं एकमेकांत मिसळतं.

दुधाची_किटली

दोघांनीही एक प्रश्न बाजूला ठेवलाय : साक्ष *कधी* घेतली?

आब्राहाम क्शेपित्स्कीला ऑगस्ट १९४२ मध्ये वॉर्सातून ट्रेब्लिंकाला नेलं. तो अठरा दिवसांनी निसटून परत घेट्टोत (ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत) आला. घेट्टोतल्या घटनांची नोंद ठेवणाऱ्या, इतिहासकार रिंगेलब्लुम यांच्या गुप्त 'ओनेग शाबेस' गटासाठी राखेल आउएरबाख यांनी त्याचं निवेदन त्याच हिवाळ्यात लिहून घेतलं. तो १९४३ च्या उठावात मेला. याला कागद म्हणणार की साक्ष?

या गटाचं दप्तर टिकलं कसं, तेही बघा. ऑगस्ट १९४२ मध्ये नोवोलिप्की रस्त्यावरच्या शाळेच्या तळघरात दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. त्यांत पाणी शिरलं. १९४६ ला काढल्या तेव्हा कागद भिजून चिकटलेले, बुरशी धरलेले होते. फेब्रुवारी १९४३ ला पुरलेल्या दुधाच्या दोन किटल्या १९५० मध्ये मिळाल्या. त्यांतला ऐवज पुष्कळ बरा होता आणि क्शेपित्स्कीचं निवेदन त्यातच होतं. तिसरा साठा, काही जळकी पानं सोडता, हाती लागलेला नाही. म्हणजे दप्तरात काय उरलं हे झाकण किती घट्ट होतं त्यावर ठरलं. ज्या घटनेचा कागद नाही ती घडलीच नाही, असं मानणं मला माणुसकीला आणि इतिहासाला, दोन्हींना धरून वाटत नाही.

साक्ष वाचायची रीत आहे. एकाच जागेच्या साऱ्या साक्षी सालवारीने लावा. मुलाखत कुठल्या भाषेत झाली, लेखनिकाने प्रश्न गाळून सलग निवेदन केलं का, ते तपासा. डेव्हिड बोडरने १९४६ मध्ये तारेच्या रिळांवर शंभरावर मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. तिथे प्रश्नही ऐकू येतो आणि अडखळणंही. ते लेखी जबाबात उरत नाही. मग बघा, कोणता तपशील १९४५ पासून टिकून आहे आणि कोणता नंतर शिरला. मेंगेले असा चाळणीत सापडतो.

तळघर

+१. स्टाराखोवित्सेचंच पुढे ऐका. तिथला जर्मन पोलीस अधिकारी वाल्टर बेकर १९७२ साली हॅम्बुर्गमध्ये सुटला, कारण न्यायालयाने साक्षी अविश्वसनीय ठरवल्या. ब्राउनिंग यांनी नंतर २९२ साक्षी शेजारी ठेवून त्या छावणीचा इतिहास उभा केला. जर्मन कागद तिथे जवळजवळ नव्हतेच. तुमची शिस्त लावली असती तर ती छावणी पुसली गेली असती.

रुमाल_बारा

स्टाराखोवित्सेबाबत मान्य, मागे घेतो. सालवारीची चाळणीही मान्य. पण अनेक वर्षांनी फोटोवरून चेहरा ओळखायचा असेल, तर सोबत दुसरा पुरावा नसताना ती साक्ष मी स्वीकारणार नाही. तिथे २९२ जणांची बेरीज करता येत नाही. सगळेच जण एकाच फोटोकडे बघत असतात.