सिंगापूरच्या मंत्र्यांचा पगार: मोजपट्टी फक्त श्रीमंतांचीच का?

बुकितबातोक

मार्च 2025 मध्ये भारतातल्या खासदारांचा पगार महिना 1 लाखावरून 1 लाख 24 हजार झाला. तेव्हा मराठी गटांतून एकच वाक्य फिरत होतं: "त्यापेक्षा सिंगापूरसारखं करा. भरपूर पगार द्या, भ्रष्टाचार आपोआप थांबेल." मी सिंगापूरची नागरिक आहे, इथे मत देते. मला हे वाक्य पटत नाही.

आधी आकडे. 2012 पासून इथे नव्या कॅबिनेट मंत्र्याचा पगार बोनस धरून वर्षाला 11 लाख सिंगापूर डॉलर आणि पंतप्रधानांचा 22 लाख डॉलर असा ठरलेला आहे. ढोबळमानाने 7 कोटी आणि 14 कोटी रुपये. 2024 मध्ये पूर्णवेळ काम करणाऱ्या मधल्या माणसाची (कमाईच्या क्रमाने सगळ्यांना उभं केलं तर बरोबर मधे येणाऱ्याची) कमाई, मालकाने भरलेला भविष्य निर्वाह निधी धरून, महिना 5,500 डॉलरच्या आसपास होती. म्हणजे मंत्री त्याच्या साधारण सतरापट कमावतो.

हा आकडा काढतात कसा? सर्वाधिक कमावणाऱ्या 1000 नागरिकांची यादी घ्यायची, त्यांचं मध्यक, म्हणजे बरोबर मधलं, उत्पन्न काढायचं आणि सेवाभाव म्हणून त्यातून 40 टक्के वजा करायचे. माझा आक्षेप इथेच आहे. बँकर आणि मोठ्या वकिलांची कमाई फुगली की मंत्र्याची मोजपट्टीही फुगते. 2017 च्या आढाव्यात तसंच दिसलं, ती 9 टक्क्यांनी वाढून 12 लाखांवर गेली होती. सरकारने तेव्हा वाढ घेतली नाही, हे मान्य. पण ज्या देशात सगळ्यांना लागू होणारा किमान वेतनाचा कायदा नाही, सफाई कामगार किंवा सुरक्षारक्षकाचं वेतन त्या त्या क्षेत्रापुरतं ठरतं, तिथे मंत्र्यासाठी मात्र सर्वात वरच्या हजार माणसांकडे बघायचं? हे मला टोचतं.

निवृत्त_लेखापाल

ताई, तुमचं दुखणं समजतं, पण तुम्ही अर्धाच ताळेबंद वाचताय. आयुष्यभर सरकारी हिशेब तपासले, म्हणून सांगतो. कागदावरचा पगार कधीच पूर्ण खर्च नसतो. आपल्या खासदाराचा पगार 1 लाख 24 हजार, पण त्यावर दिल्लीत घर, वर्षाला 34 विमानप्रवास, 50 हजार युनिट वीज, मतदारसंघ भत्ता, कार्यालय भत्ता, आणि एकदा निवडून आला की महिना 31 हजारांपासून पुढे पेन्शन. हे सगळं मिळून किती होतं, हे सामान्य मतदाराला एका आकड्यात कोणी सांगतं का?

सिंगापूरने हा प्रश्नच मिटवला. जे द्यायचं ते रोखीत आणि सगळ्यांसमोर. सरकारी बंगला नाही. 21 मे 2011 नंतर पद घेणाऱ्यांना पेन्शनही नाही. मंत्र्यांच्या पगारावरच्या 1994 च्या सरकारी श्वेतपत्रिकेपासून हेच तत्त्व आहे. तुम्हाला आकडा मोठा वाटतो, कारण तो संपूर्ण आहे. आमच्याकडचा लहान वाटतो, कारण उरलेला दुसऱ्या खात्यांत विखुरलेला असतो.

पणजीकर

लेखापालसाहेब, हिशेब उघडा हवा याबद्दल दुमत नाही. पण "पगार वाढवा, प्रामाणिकपणा येईल" हे गोव्यात बसून मला मान्य होणार नाही. आमची विधानसभा 40 जणांची. जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे 10 आमदार एका रात्रीत भाजपमध्ये गेले. सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा 8 गेले. महिन्याचा पगार कमी पडत होता म्हणून गेले, असं कोणी म्हणेल का? सत्तेजवळ राहण्याची किंमत पगाराच्या पावतीवर लिहिलेली नसते.

बुकितबातोक

पणजीकर, अगदी तेच. आणि लेखापालकाका, रोखीचं तत्त्व मलाही आवडतं, तेवढं भारताने जरूर उचलावं. माझं म्हणणं वेगळं आहे. सिंगापूर स्वच्छ झालं ते मोठ्या पगारामुळे नाही. क्रम बघा. भ्रष्टाचाराची चौकशी करणारी संस्था 1952 ची. कडक कायदा 1960 चा. 1986 मध्ये तेह चेआंग वान या मंत्र्याची लाचखोरीबद्दल चौकशी झाली, तेव्हा ते पदावर होते. पंतप्रधानांनी त्यांना वाचवलं नाही. त्या डिसेंबरात त्यांनी आत्महत्या केली. पगार बाजारभावाला बांधणारी श्वेतपत्रिका आली 1994 मध्ये! म्हणजे धाक आधी बसला, पगाराचं सूत्र नंतर आलं.

आणि सूत्र आल्यावर? वाहतूक मंत्री ईश्वरन. वर्षाला दहा लाखांवर पगार. व्यावसायिकांकडून सुमारे 4 लाख डॉलरच्या भेटी घेतल्या: फॉर्म्युला वन आणि फुटबॉल सामन्यांची तिकिटं, खाजगी विमानाने दोहाचा प्रवास, व्हिस्की, एक ब्रॉम्प्टन सायकल. ज्याला ती सायकल विकत घेताना दोनदा विचार करावा लागत नाही, त्यानेही ती फुकट घेतली. मग पगाराने काय थांबवलं?

निवृत्त_लेखापाल

त्याचं पुढे काय झालं तेही लिहा. जुलै 2023 मध्ये अटक. जानेवारी 2024 मध्ये राजीनामा आणि अटकेनंतर मिळालेला पगार परत. ऑक्टोबर 2024 मध्ये 12 महिन्यांची कैद. सरकारी वकिलांनी सहा-सात महिने मागितले होते, न्यायाधीशांनी त्याहून जास्त दिली. इतका पगार घेणाऱ्या माणसाबद्दल कोणालाही सहानुभूती वाटत नाही, "बिचाऱ्याला परवडत नव्हतं" म्हणायची सोयच नाही. मोठ्या पगाराचा हाही उपयोग आहे.

आणि तुम्ही फक्त चोरीबद्दल बोलताय. प्रश्न माणसं येण्याचाही आहे. चांगली वकिली, शस्त्रक्रियेची प्रॅक्टिस सोडून कोणी राजकारणात का यावं? सिंगापूरचे मंत्री झालेले षण्मुगम नावाजलेले वकील होते, एंग एंग हेन शल्यविशारद. आमच्याकडे अशी माणसं लांबूनच नमस्कार करतात.

बुकितबातोक

दोन नावं दिलीत, मी तीन देते. माजी पंतप्रधान ली सिएन लूंग सैन्यातून आले. चान चुन सिंग लष्करप्रमुखपद सोडून 2011 मध्ये निवडणुकीला उभे राहिले. 2024 मध्ये पंतप्रधान झालेले लॉरेन्स वाँग सनदी सेवेतून. हे सगळे कर्तबगार आहेत, पण त्यांनी सोडली ती सरकारी नोकरी. त्यांचा पगार ठरवायला हजार श्रीमंतांची यादी कशाला? वर्कर्स पार्टी या विरोधी पक्षाने जानेवारी 2012 च्या संसदेतल्या चर्चेत हाच मुद्दा काढला होता: सनदी सेवेतल्या संचालक दर्जाच्या पगारावरून खासदाराचा भत्ता ठरवा आणि मंत्र्याला त्याच्या काही पट द्या. ते मान्य झालं नाही.

सूत्राचा एक भाग मात्र मनापासून आवडतो. मंत्र्यांचा राष्ट्रीय बोनस चार गोष्टींवर ठरतो: आर्थिक वाढ, बेरोजगारी, मधल्या माणसाच्या खऱ्या उत्पन्नातली वाढ आणि तळच्या 20 टक्के लोकांच्या उत्पन्नातली वाढ. मग मूळ पगारही याच लोकांच्या उत्पन्नाला बांधा ना!

कोथरूडहून

वाचत होते, आता राहवत नाही. सिंगापूरच्या मंत्र्यांचा पगार आधी याहून जास्त होता; तो कमी करायला लावलं कोणी, हे कोणीच सांगितलं नाही. मे 2011 च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष 60.1 टक्क्यांवर आला, अल्जुनीड मतदारसंघाच्या पाचही जागा गेल्या, परराष्ट्रमंत्री हरले. त्यानंतर समिती बसली आणि पंतप्रधानांचा पगार 36 टक्क्यांनी, राष्ट्रपतींचा 51 टक्क्यांनी उतरला. म्हणजे ते प्रसिद्ध सूत्र मतपेटीपुढे वाकलं. आपल्याकडे पगारावरून असा धडा कोणी शिकवला आहे?

निवृत्त_लेखापाल

कोथरूडहून, मुद्दा बरोबर. पण आपलंही सूत्र आहे हे विसरू नका. 2018 पासून खासदारांचा पगार दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकानुसार वाढतो, ही 24 टक्के वाढ त्यातूनच आली. मोजपट्टी श्रीमंतांची नाही, महागाईची. ताईंना हवी तशीच जवळपास. तरी लोक समाधानी आहेत का? नाहीत, कारण इतर भत्ते आणि सवलती संसदच ठरवते आणि सगळं एका ठिकाणी मांडून दाखवत नाही. म्हणून मी मोजपट्टीपेक्षा उघड्या हिशेबाला जास्त मानतो.

बुकितबातोक

आणि मी हिशेब उघडा असूनही विचारते, काका. 2023 मध्ये रिडाउट रोडवरच्या दोन सरकारी बंगल्यांवरून वाद झाला. दोन मंत्री ते भाड्याने घेऊन राहत होते, एकाचं भाडं महिना 26,500 डॉलर. चौकशीत काहीही गैर आढळलं नाही, भाडं बाजारभावाचं होतं. सगळा हिशेब उघडा. तरीही सरकारी फ्लॅटमध्ये राहणारे माझे शेजारी अस्वस्थ झाले, कारण एका महिन्याचं भाडं त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढं होतं. कायद्याने त्यांची फसवणूक झाली नव्हती. आपल्यासाठी घरांचं धोरण ठरवणारा माणूस आपल्यापासून किती लांब राहतो, हे त्यांना त्या आकड्यातून कळलं. तुमचा उघडा हिशेब हे अंतर दाखवतो. मला ते कमी करायचं आहे.